मित्राच्या पुस्तकाचं कव्हर करताय? मग आधी बिल बनवा



तुमचं छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे, किंवा घरी बसून कोरल-फोटोशॉपवर डिझाइनची कामं घेता? मग असा एक फोन तुम्हाला आलेला असेल, नाहीतर येईल: "अगं, माझं पुस्तक येतंय! कव्हर तूच करायचंस हं. तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?"

ऐकून बरं वाटतं. आपण लगेच म्हणतो, "करू की, त्यात काय!" त्या दोन मिनिटांत सगळं बोलणं होतं, फक्त पैशांचं होत नाही. मित्राला वाटतं, पैशांचं विचारलं तर हिला राग येईल. आपल्याला वाटतं, आकडा सांगितला तर त्याला वाईट वाटेल. मग दोघंही विषय ‘बघू नंतर’वर सोडून देतात.

माझं मत स्पष्ट आहे. मित्राचं कव्हर पूर्ण पैसे घेऊन करा, किंवा एक रुपयाही न घेता पूर्ण भेट म्हणून करा. दोन्ही चालतं. पण ‘बघू नंतर’, ‘समजून दे’, ‘पार्टी दे’ या मधल्या जागेत काम करू नका. आणि भेट असो की धंदा, कागद दोन्ही वेळेला बनवा. त्याला कोटेशन म्हणा, एस्टिमेट म्हणा, आमच्या दुकानात आम्ही सरळ बिलच म्हणतो. काम सुरू व्हायच्या आधी तो मित्राच्या हातात हवा.

काही जण म्हणतील, ही बाई मैत्रीतही गल्ला मोजते. थांबा जरा. या सल्ल्यात तुमच्यापेक्षा तुमच्या मित्राचा फायदा जास्त आहे. कसा, ते सांगते.

फुकट कामात मित्राचं तोंड बंद होतं

फुकट काम केलं की आपलं नुकसान होतं, हे सगळेच सांगतात. दुसऱ्या बाजूबद्दल कोणी बोलत नाही.

समजा, तुम्ही मित्राला फुकट कव्हर करून दिलंत आणि त्याला ते आवडलं नाही. तो काय करेल? बहुतेक वेळा काहीच नाही. "मस्त झालंय गं" म्हणेल आणि गप्प बसेल. फुकटच्या वस्तूला नावं कशी ठेवायची? दोन रात्री जागून केलेल्या कामाला ‘नको’ कसं म्हणायचं?

आता त्याच्या बाजूनं बघा. त्यानं ते पुस्तक तीन-चार वर्षं लिहिलंय. नोकरी सांभाळून, पोरं झोपल्यावर लिहिलंय. छपाईसाठी कदाचित स्वतःच्या खिशातून पैसे घातलेत. आणि त्या पुस्तकाची पाटी, म्हणजे कव्हर, त्याच्या मनाविरुद्ध लागते. पुढची कित्येक वर्षं ते पुस्तक कोणाला देताना त्याच्या मनात ती टोचणी राहणार.

पैसे दिले की माणसाला बोलायचा हक्क मिळतो. ‘हे नाही जमलं, दुसरं दाखव’ असं म्हणायला मैत्री आड येत नाही. म्हणून मी म्हणते, मित्राकडून पैसे घेणं हा त्याच्या पुस्तकाचा मान आहे.

माझ्याच दुकानातलं एक उदाहरण देते. माझी एक कॉलेजची मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं आपल्या गावच्या आठवडी बाजारावर पुस्तक लिहिलं. तिची आजी त्या बाजारात धान्य विकायची. मी कोटेशन दिलं, तिनं निम्मा ॲडव्हान्स यूपीआयनं पाठवला, मग मी तीन स्केचेस केली. एकात बाजाराचा फोटो, एकात मोठा तराजू, एकात नुसती अक्षरं आणि खाली धान्यानं भरलेली पायली.

मला तराजूचं जास्त आवडलं होतं, आजही आवडतं. ती म्हणाली, "छान आहे गं, पण आमची आजी तराजू वापरायची नाही. मापट्यानं, पायलीनं मोजून द्यायची. वरून मूठभर जास्तच घालायची. मला पायलीचंच हवं." मी थोडा वाद घातला. तेव्हा ती हसून म्हणाली, "पैसे दिलेत म्हणून बोलतेय हं, नाहीतर गप्प बसले असते."

पायलीचं कव्हर छापलं गेलं. पुस्तक बघून गावातल्या म्हाताऱ्या बायका कव्हरवरच बोट ठेवून बोलायला लागल्या, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती गप्प बसली असती तर आज त्या पुस्तकावर तराजू असता. दिसायला सुंदर, पण तिच्या आजीचा नाही.

कव्हर म्हणजे एका रात्रीचं काम नाही

मित्रांना वाटतं, कव्हर म्हणजे एक फोटो, वर नाव, खाली नाव, झालं. कधीकधी आपल्यालाही तसंच वाटतं, कारण आपण व्हिजिटिंग कार्ड आणि फ्लेक्स अर्ध्या तासात काढतो. कव्हरला नक्की काय काय लागतं, ते एकदा लिहून काढा.

पहिलं म्हणजे पुस्तक वाचायला लागतं. सगळं नाही, तरी प्रस्तावना आणि दोन-तीन प्रकरणं वाचल्याशिवाय चित्र सुचत नाही.

दुसरं म्हणजे माप. कव्हर म्हणजे नुसतं मुखपृष्ठ नव्हे. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि मधला कणा मिळून एकच फाइल असते. डेमी साइजचं पुस्तक साधारण १४० बाय २१६ मिमी. पानं १९२ असतील तर कागद ९६. एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिमी धरली तर कणा साडेनऊ-दहा मिमी होतो. दोन्ही पानं आणि कणा मिळून २९० मिमी, त्यात दोन्ही बाजूंना ३-३ मिमी ब्लीड, म्हणजे रुंदी २९६. उंची वर-खाली ब्लीड धरून २२२. आता मित्रानं शेवटच्या प्रूफला दोन प्रकरणं वाढवली आणि पानं २२४ झाली, तर कणा ११ मिमीच्या वर जातो. सगळी फाइल पुन्हा हलवायची. म्हणून पानं फायनल झाल्याशिवाय आणि प्रेसकडून त्याच कागदाची डमी बघितल्याशिवाय कणा पक्का करू नका.

तिसरं, रंग. स्क्रीनवर आरजीबीमध्ये झळकणारा निळा-हिरवा रंग ऑफसेटच्या सीएमवायकेमध्ये मळकट दिसू शकतो. त्यावर मॅट लॅमिनेशन केलं तर आणखी शांत होतो. मित्राला मोबाइलवर दाखवून ‘ओके’ घेतलंत तर छपाईनंतर तो म्हणणार, रंग असा नव्हता! त्याला एक कागदी प्रिंट दाखवाच.

चौथं, अक्षरं. फोटोशॉपमध्ये देवनागरीसाठी योग्य सेटिंग नसेल तर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलतीकडे जाते. फॉन्टचं लायसन्सही बघावं लागतं. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे फॉन्ट ओपन लायसन्सचे आहेत, छापील कामात बिनधास्त वापरता येतात. पण कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून आलेला फॉन्ट पुस्तकावर टाकू नका.

पाचवं, मलपृष्ठावरचा मजकूर, किंमत, आयएसबीएन आणि त्याचा बारकोड. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. लेखक स्वतः पुस्तक काढत असेल तर त्यालाही अर्ज करता येतो. मित्राला हे आधीच सांगा. नंबर यायला वेळ लागतो आणि शेवटच्या दिवशी ‘बारकोडची जागा मोकळी ठेव’ म्हणायची पाळी येते.

तास मोजा, मग बोला

आता गणित करू. हे आकडे फक्त उदाहरण आहेत, तुम्ही तुमचे घाला.

दुकानाचं भाडं, वीज, सॉफ्टवेअर, मशिनचा हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार मिळून महिन्याचा खर्च ४५,००० रुपये धरा. स्वतःचा पगार धरायला विसरू नका, आपण नेहमी तिथेच फसतो. महिन्याचे कामाचे दिवस २५, आणि गिऱ्हाइकं, फोन, चहा वगळता हातात खरे तास रोजचे ६. म्हणजे १५० तास. ४५,००० भागिले १५०, एका तासाचे ३०० रुपये. नफा अजून धरलेलाच नाही.

कव्हरला वाचन आणि चर्चा ३ तास, तीन स्केचेस ४ तास, फायनल डिझाइन ५ तास, करेक्शन ३ तास, प्रेसची फाइल आणि प्रूफ तपासणी २ तास. एकूण १७ तास. १७ गुणिले ३००, म्हणजे ५,१०० रुपये. हा तुमचा खर्च आहे, कमाई नाही.

आता ठरवा. हे ५,१०० रुपये तुम्ही मित्राला भेट द्यायला तयार आहात का? असाल तर आनंदानं द्या. पण किती देताय ते माहीत असू द्या. लग्नात आहेर करताना पाकिटात किती घातले ते आपल्याला माहीत असतं ना? मग इथे पाकीट उघडं का ठेवायचं?

भेट द्यायची तर पूर्ण द्या

भेट देतानाही बिल बनवा, हे मी वर म्हटलं. त्याची पद्धत सोपी आहे. बिलावर लिहा: मुखपृष्ठ डिझाइन, तीन स्केचेस, दोन करेक्शन, प्रेस फाइल, एकूण ७,५०० रुपये. त्याखाली लिहा: पुस्तकासाठी भेट, ७,५०० रुपये वजा. देय रक्कम शून्य.

यानं तीन गोष्टी होतात. मित्राला कळतं की या कामाला किंमत आहे. त्याला कळतं की करेक्शन दोनच आहेत, अकरावं करेक्शन रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही. आणि त्यानं उद्या दुसऱ्या कोणाला तुमच्याकडे पाठवलं तर तो ‘ती फुकट करते’ असं सांगत नाही, ‘तिचा रेट साडेसात आहे’ असं सांगतो. धंद्यात ही तिसरी गोष्ट फार मोठी आहे.

भेटीच्या कामातही मित्राला ‘नको’ म्हणायची मुभा द्या. तोंडानं सांगा: "पहिली तीन आवडली नाहीत तर सांग, मी रागावणार नाही." आणि खरंच रागवू नका.

पैसे घ्यायचे तर ‘मित्र-दर’ ठरवून ठेवा

आमच्या दुकानात मित्रांसाठी २० टक्के सूट आहे. ती सगळ्या मित्रांना सारखी. कॉलेजचा मित्र असो की शेजारच्या ताई. हे एकदा ठरवलं की समोर बसून घासाघीस करावी लागत नाही. "तुला किती सांगू?" हा प्रश्नच संपतो. निम्मे पैसे सुरुवातीला, उरलेले प्रेसची फाइल देताना. मित्र आहे म्हणून ॲडव्हान्स सोडू नका, कारण मित्राकडे तगादा लावणं आपल्याला सगळ्यात अवघड जातं.

पैशांऐवजी कामाची अदलाबदल करणार असाल, समजा मित्र सीए आहे आणि तुमचं रिटर्न भरून देणार आहे, तरी दोन्ही कामांची किंमत लिहा. त्याचं काम ४,०००, तुमचं ६,०००, उरलेले २,००० त्यानं द्यायचे. नाहीतर वर्षानंतर दोघांनाही वाटतं, आपणच जास्त दिलं.

आणि एक हिशोबाचं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, म्हणून मित्र म्हणेल डिझाइनवरही नसणार. तसं नाही. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर डिझाइनच्या सेवेवर १८ टक्के लागतो. आकडा सांगताना तो धरून सांगा.

कागदावर अजून चार ओळी

बिलाच्या खाली या चार गोष्टी लिहा. अर्धं पानही लागत नाही.

पहिली, श्रेयनामावलीत तुमचं नाव. मराठी पुस्तकात आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ’ म्हणून कलाकाराचं नाव छापायची चांगली पद्धत आहे. दीनानाथ दलाल, सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी ही नावं वाचकांच्या ओळखीची झाली ती चित्रांमुळे, आणि पुस्तकात ती नावं छापली गेली म्हणूनही. तुमचंही छापून घ्या. स्पेलिंगसकट लिहून द्या.

दुसरी, हक्क. कव्हर पहिल्या आवृत्तीपुरतं आहे की सगळ्या आवृत्त्यांना? ई-बुकला चालेल का? उद्या हिंदी अनुवाद आला तर? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. मित्राला सगळे हक्क द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण तसं लिहून द्या. म्हणजे पाच-सात वर्षांनी दुसरी आवृत्ती काढताना त्याला तुम्हाला शोधत यावं लागणार नाही.

तिसरी, फोटो आणि चित्रं कुठून घेतली. मित्र हमखास म्हणतो, "गुगलवरून एखादा टाक." टाकू नका. लेखक तो आहे, पुस्तकावर नाव त्याचं आहे, नोटीस त्यालाच येईल. जुनी चित्रं म्हणजे मोकळी, असंही समजू नका. भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क चालतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. दलाल गेले १९७१ साली, म्हणजे त्यांचं दिवाळी अंकातलं एखादं सुंदर चित्र २०३१ संपेपर्यंत परवानगीशिवाय उचलता येत नाही.

चौथी, शेवटचं प्रूफ कोण तपासणार. नाव, आडनाव, किंमत, कण्यावरची अक्षरं मित्रानं वाचून सही करायची. हजार प्रती छापल्यावर लेखकाच्या नावातली वेलांटी चुकलेली दिसली तर मैत्री कितीही जुनी असू दे, ते दोघांनाही जड जातं.

"पण ओळख तर वाढते ना?"

हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. फुकट कर, तुझं नाव होईल. यात अर्धं खरं आहे. चांगल्या कव्हरमुळे पुढची कामं येतात. सत्यजित राय कोलकात्याच्या एका जाहिरात कंपनीत होते. तिथलेच सहकारी डी. के. गुप्ता यांनी १९४३ साली सिग्नेट प्रेस सुरू केली आणि राय त्यांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं करू लागले. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढताना ती गोष्ट त्यांच्या मनात बसली आणि १९५५ साली त्यावर त्यांचा सिनेमा आला.

ओळखीच्या माणसाच्या कामातून एवढं मोठं काही घडू शकतं, हे मान्य. पण राय यांनी ती गोष्ट मन लावून वाचली, पूर्ण ताकदीनं काम केलं, म्हणून घडलं. आपण काय करतो? फुकटचं काम सगळ्यात शेवटी घेतो. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं आधी, मित्राचं उरलेल्या वेळात. उरलेल्या वेळात केलेल्या कव्हरनं ओळख वाढत नाही, उलट बिघडते. कारण त्यावर तुमचं नाव छापलेलं असतं.

कधी कधी ‘मी नाही करत’ म्हणा

हे ऐकायला कडू आहे. तुम्ही फ्लेक्स, बॅनर, हळदी-कुंकवाच्या पत्रिका उत्तम करत असाल. तरी प्रत्येक पुस्तक तुमच्या हाताचं नसतं. फ्लेक्स रस्त्यावरून पाच सेकंदांत वाचायचा असतो, म्हणून त्यात सगळं मोठं आणि सगळं भडक. पुस्तक हातात धरून बघतात, कपाटात वर्षानुवर्षं ठेवतात. कवितासंग्रहाला फ्लेक्सची भाषा लावली की कविता मरते.

तुमची शैली मित्राच्या पुस्तकाला बसत नसेल तर त्याला चांगल्या कव्हर कलाकाराकडे पाठवा. भेटच द्यायची असेल तर त्याच्या फीमधले दोन-तीन हजार तुम्ही भरा. प्रेसशी बोलायला, कागद निवडायला, प्रूफ बघायला मदत करा. त्यात तुमची माहिती कामाला येते आणि पुस्तकाचंही भलं होतं.

आता तुमचं काम

वाचून सोडून देऊ नका. आज रात्री दुकान बंद केल्यावर वही घ्या. पहिल्या पानावर तुमचा एका तासाचा खर्च काढा. दुसऱ्या पानावर तुमचा मित्र-दर लिहा. तिसऱ्या पानावर कव्हरच्या कामाचं एक कोरं बिल तयार करा, त्यात वरच्या चार ओळी घाला आणि मोबाइलमध्ये पीडीएफ करून ठेवा. सध्या ‘बघू नंतर’वर अडकलेलं एखाद्या मित्राचं काम हातात असेल, तर उद्याच त्याला फोन करा आणि मोकळेपणानं विचारा, "हे पैशांनी करायचं की माझ्याकडून भेट?" दोन्ही उत्तरं चांगली आहेत. फक्त उत्तर मिळाल्याशिवाय कोरल उघडू नका.

कोऱ्या बिलात काय लिहावं यावर अडलात तर मला जरूर विचारा. पुढच्या व्हिडिओत तेच बिल ओळीओळीनं भरून दाखवते.